उघड्या मुळांची जबानी

शंकाकार : बालाघाटाच्या उतारावर, पाटोदा आणि आष्टी या तालुक्यांच्या माळांवर, ओघळींच्या काठांतून झाडांची जी मुळे बाहेर आलेली दिसतात, ती करवतीने कापून भिंगाखाली धरली असता ओघळ कोणत्या साली तेथवर आली आणि दरसाल किती खोल गेली हे सांगता येते, असे आपले प्रतिपादन आहे. ते मी आदराने ऐकून घेतले. परंतु माझी हयात जमीनमोजणीच्या दप्तरात गेल्यामुळे कोणाच्याही जबानीवर भरवसा ठेवण्यापूर्वी जबानी देणाऱ्याचा हितसंबंध आणि त्याची स्मरणशक्ती या दोहोंची चौकशी करण्याची मला सवय आहे. बीड जिल्ह्यात सेतवार आहे, १९५४-५५ चे खासरा पत्रक आहे, गावनकाशे आहेत, पोटखराब्याच्या नोंदी आहेत, आणि अतिवृष्टीनंतर तलाठ्यांनी केलेले पंचनामे आहेत, ज्यांत जमीन खरडून गेल्याची नोंद पिकाच्या नुकसानीहून वेगळी होते. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेच्या खोऱ्यात जी अतिवृष्टी झाली तिचे असे पंचनामे अद्याप ताजे आहेत. एवढा कागद असताना, आणि ज्याच्या शेताला ओघळ लागली तो कुणबी सांगण्यासाठी समोर असताना, मुक्या लाकडाकडे जाण्याचे प्रयोजन काय?

प्रतिपादक : प्रयोजन हे, की आपण ज्यांची नावे घेतलीत त्यांपैकी एकही कागद ओघळीविषयी लिहिलेला नाही. सेतवार आकारणीसाठी झाले, खासरा पत्रक कब्जा आणि वहिवाट ठरवण्यासाठी झाले. त्यांत ओघळ शिरते ती पोटखराब्याचे गुंठे वाढले म्हणून, आणि गुंठे वाढतात ते फेरमोजणी होईल तेव्हा. मधल्या तीस-चाळीस वर्षांत ती कोणत्या पावसाळ्यात फुटली याची दखल घेण्याचे कारण सरकारला पडत नाही. पंचनामा तर नुकसानीचा असतो, आणि नुकसान खातेदाराचे. गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत ओघळीचे माथे दहा हात मागे सरकले तरी तेथे भरपाई मागणारा कोणी नसल्यामुळे पंचही नसतात. आणि बालाघाटावर बहुतेक ओघळी जन्मतात त्या नेमक्या अशा बेवारस उतारावर, तेथून त्या खाली येऊन शेतात शिरतात. शास्त्राचे कोष्टकही या बाबतीत फारसे साह्य करीत नाही. झिजेचा अंदाज घेण्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे समीकरण मुळात बावीस मीटर लांबीच्या आखीव वाफ्यांवर बेतलेले आहे, ते पातळ थराने आणि बारीक चरांनी वाहून जाणारी माती मोजते, ओघळ त्याच्या हिशेबातच नाही. राहिला शेतकरी. त्याचे ज्ञान मी कमी लेखीत नाही. परंतु मराठवाड्यातील कोणत्याही वृद्धाला विचारून पाहा, गतकाळाचे त्याचे दोनच भाग असतात, बहात्तरच्या आधी आणि बहात्तरनंतर. त्या दुष्काळाने स्मृतीवर एवढा मोठा ठसा उमटवला आहे की अलीकडच्या-पलीकडच्या वीस वर्षांतील घटना त्याच्याकडे ओढल्या जातात.

मूळ मात्र जेथे आहे तेथेच असते, आणि त्याच्यावरची माती गेली की त्याच्या लाकडात फरक पडतो. मातीच्या आत असताना मुळाचे काम पाणी वाहून नेण्याचे. त्याच्या पेशी मोठ्या पोकळीच्या व पातळ भिंतीच्या असतात. वरचे आच्छादन गेल्यावर उष्णतेचा चढउतार, उजेड, वाहत्या खड्यांचे आघात आणि गुरांचे खूर हे सारे त्याला सोसावे लागते. मग पेशी लहान होतात, भिंती जाडावतात, वाढीची कडी एका अंगाला रुंद व दुसऱ्या अंगाला अरुंद पडू लागतात, आणि ते लाकूड खोडाच्या लाकडासारखे दिसू लागते. जेथे हा पालट दिसतो तेथपासून सालीपर्यंत कडी मोजली की उघडे पडल्याची वर्षे मिळतात. मुळाच्या पाठीपासून आजच्या जमिनीपर्यंतचे अंतर, मूळ स्वतः जेवढे जाड झाले तेवढे वजा करून, त्या वर्षांनी भागले की झिजेचा वेग मिळतो. कॅलिफोर्नियातील व्हाइट पर्वतावर व्हॅलमोर लामार्श याने १९६८ साली, काही हजार वर्षे जगलेल्या पाइनवृक्षांच्या मुळांवरून, तेथला उतार हजार वर्षांत सुमारे एक फूट झिजतो असे दाखवले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये हॉल्गर गेर्टनर याने पेशींतील पालटाची लक्षणे निश्चित केली, आणि दक्षिण पोलंडमधील जंगलातल्या ओघळींचा कालक्रम इरेनेउश मालिक याने त्याच लक्षणांवरून लावला. ही केवळ कल्पना नव्हे. ती हाताळून पाहिलेली पद्धत आहे.

शंकाकार : हाताळून पाहिली ती कोठे, हाच माझा पहिला आक्षेप. आपण सांगितलेली सर्व ठिकाणे अशी आहेत की जेथे हिमवर्षावाने झाडाची वाढ ठरल्या वेळी ठप्प होते आणि वसंतात ठरल्या वेळी पुन्हा सुरू होते, म्हणून तेथे एक कडे म्हणजे एक वर्ष. आपल्या जिल्ह्यात वाढ थांबवणारी थंडी नाही, ती थांबवते तहान. आणि तहान काही पंचांग पाहून लागत नाही. मृगात पाऊस पडला, झाडाने पालवी धरली. पुढे महिना-दीड महिना ओढ बसली, पालवी कोमेजली. उत्तरा-हस्ताने पुन्हा हात दिला आणि झाड नव्याने वाढले. एका सालात दोन कडी झाली. उलट ज्या साली मृगही कोरडा आणि हस्तही कोरडा, त्या साली मुळाच्या एका अंगाला कडेच उमटणार नाही. आणि मुळांत अर्धवट कडी, एका बाजूला दिसणारी व दुसऱ्या बाजूला विरून जाणारी, ही खोडापेक्षा कितीतरी अधिक असतात, हे आपल्याच शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. शिवाय झाडे कोणती? ओघळीच्या काठी सागवान उभे नाही. तेथे बाभूळ आहे, हिवर आहे, कडुनिंब आहे, बोर आहे, सीताफळ आहे. बाभळीचे लाकूड मी सुताराच्या रंध्याखाली पुष्कळदा पाहिले आहे; त्यातील रेषांवरून तिचे वय सांगण्याचे धाडस कोणताही सुतार करणार नाही, आणि ओढ्याकाठची बाभूळ तर जमिनीखालच्या ओलाव्यावर वैशाखातही हिरवीगार असते. जिला वर्षाचा शेवट ठाऊक नाही तिच्याकडून आपण वर्षांची मोजदाद करवून घेणार!

प्रतिपादक : आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर पुण्यातच मिळते. उष्ण कटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सागाच्या कड्यांवरून जुन्या मोसमी पावसाचा अंदाज बांधला आहे. म्हणजे आपल्या हवामानात वार्षिक कडी पडतच नाहीत असा सरसकट नियम नाही, ते झाडाच्या जातीवर अवलंबून आहे. सागात ती ठळक असतात, बाभळीत पुसट, कडुनिंबात मधल्या प्रतीची. म्हणून पहिले काम ओघळीवर नव्हे, तर ज्यांच्या लागवडीचे साल माहीत आहे अशा झाडांवर करावयाचे. सामाजिक वनीकरणाची, रस्त्याच्या कडेची, शाळांच्या आवारातली अशी कडुनिंबाची झाडे जिल्ह्यात ठायीठायी आहेत, आणि रस्ता रुंदावताना तोडलेल्या झाडांचे बुंधेही आहेत, ज्यांच्या तोडीची तारीख सरकारी कागदात आहे. त्यांत किती सालांची किती कडी पडली हे पाहिले की कोणत्या जातीवर विसंबावे आणि कोणती वगळावी हे ठरेल. दुसरा उपाय अधिक संथ पण अधिक खात्रीचा आहे : फ्रेंच वनशास्त्रज्ञ आलँ मारियो याने आफ्रिकेतील झाडांसाठी सालीखालच्या वाढत्या थराला दरसाल एक लहानशी जखम करून ठेवण्याची रीत घातली, जेणेकरून दोन जखमांमध्ये किती लाकूड आले हे पुढे निर्विवाद दिसावे.

आणि कडी मुळीच मोजता येत नसतील तरी एक मार्ग उरतो. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६३ च्या करारापर्यंत महासत्तांनी वातावरणात जे अण्वस्त्रांचे स्फोट केले, त्यांनी हवेतील किरणोत्सारी कार्बनाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, आणि नंतर ते क्रमाने उतरत गेले. त्या काळात वाढलेल्या प्रत्येक लाकडात त्या त्या सालच्या हवेचे प्रमाण कोंडलेले आहे, मग ते लाकूड बर्फाळ प्रदेशातले असो वा पाटोद्याच्या माळावरचे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात अशी मोजणी होते. ज्या पावसाळ्यात मुळाच्या पेशींनी कूस पालटली त्या ठिकाणचा काडीएवढा तुकडा तेथे दिला, तर कड्यांची मोजणी चुकली की बरोबर आली याचा पडताळा मिळेल.

शंकाकार : कडी मोजण्याचा प्रश्न सुटला असे क्षणभर धरून चालतो, आता जबानी देणाऱ्याचा स्वभाव पाहू. आपण ज्या झाडाला विचारता ते वाचलेले झाड आहे. ओघळीने ज्यांच्या पायाखालची माती एका रात्रीत नेली ती झाडे पडली, वाहून गेली किंवा सरपणाला गेली. जेथे झीज सर्वांत तीव्र झाली तेथला साक्षीदारच हयात नाही. उरले ते जेथे झीज संथ होती, आणि कित्येकदा ती संथ असण्याचे कारण ते झाडच असते, कारण त्याच्या मुळांनी काठ धरून ठेवला. अशा झाडांवरून काढलेला वेग साऱ्या ओघळीला लावणे म्हणजे दुष्काळात जे गाव सोडून गेले नाहीत त्यांच्यावरून दुष्काळाची तीव्रता ठरवणे होय.

दुसरे, जनावरांचा पाला. या जिल्ह्यात टंचाईच्या साली कडुनिंब, बाभूळ, हिवर यांच्या फांद्या शेळ्यांसाठी तोडल्या जातात, आणि ही तोड हौसेने नव्हे, गरजेने होते. फांद्या गेल्या की मुळाला अन्न कोठून? त्या साली मुळाचे कडे बारीक पडेल किंवा पडणारच नाही, आणि ते पावसाच्या अभावाने की कोयत्याने हे आपल्याला कळणार नाही. तिसरे, जमीन. गंगथडीची, गेवराई-माजलगावकडची काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. त्या भेगेतून मुळाला हवा लागते, ऊन लागते, आणि मृगाचा पाऊस पडला की भेग मिटते. एक कणही माती वाहून गेलेली नसताना मुळाच्या लाकडात पालट का होऊ नये? कित्येक ठिकाणी तर पाणी वरून न वाहता भेगेतून खाली उतरून जमीन आतून पोखरते, आणि वरचा थर जसाच्या तसा उभा असताना मूळ पोकळीत उघडे पडलेले असते. पुढे चार-दोन पावसाळ्यांनी छत कोसळते आणि मग लोक म्हणतात, ओघळ पडली. मुळाची तारीख निराळी, गावाची तारीख निराळी, आणि दोन्ही आपापल्या परीने खऱ्या. शिवाय माझ्या माहितीप्रमाणे मुळावर दोन-तीन सेंटिमीटर माती शिल्लक असतानाच पेशी बदलू लागतात, असे फ्रान्समधील आल्प्सच्या पायथ्याशी आढळले आहे. मग आपण भाजक कोणता धरणार आणि भाज्य कोणते?

प्रतिपादक : वेगाच्या बाबतीत मी आपले बरेचसे म्हणणे मान्य करतो, आणि ते मान्य करण्याने माझी बाजू दुबळी होते असे मला वाटत नाही. ओघळ दरसाल इतके सेंटिमीटर अशी चालत नाही. ती आठ-दहा वर्षे जागची हलत नाही, आणि एखाद्या हस्ताच्या रात्री चार हात मागे येते. तिचा सरासरी वेग काढणे ही मोजणाऱ्याची सोय आहे. म्हणून मुळाला मी वेग विचारू इच्छित नाही. मी त्याला क्रम विचारू इच्छितो. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, एवढेच.

हा प्रश्न लहान वाटेल, पण बालाघाटावर ओघळीविषयी जे जे वाद ऐकू येतात ते सर्व अखेर याच प्रश्नावर येऊन ठेपतात. वनखात्याचा माणूस म्हणतो, शेळ्यामेंढ्यांनी माळ उजाड केला म्हणून ओघळी पडल्या. धनगर म्हणतो, माझ्या आज्यापासून मेंढरे याच माळावर चरतात, ओघळ आली ती वरून रस्ता गेला आणि साऱ्या उताराचे पाणी एका मोरीतून सुटले तेव्हा. शेतकरी म्हणतो, शेजाऱ्याने बांध फोडला. कोणी म्हणतो, गावची अर्धी माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात, मग बांधबंदिस्तीची डागडुजी करणार कोण? यातील प्रत्येक म्हणण्यात एक सन दडलेला आहे, आणि तो सन कोणी तपासून पाहिलेला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतात कॅरारा आणि कॅरोल या दोघांनी १९७९ साली अशीच मुळे तपासली, तेव्हा आढळले की मागील शतकातील झीज त्याआधीच्या तीन शतकांच्या मानाने कित्येक पटींनी अधिक होती, आणि तिची सुरुवात गुरांचे मोठे कळप त्या मुलखात आले त्या काळाशी जुळत होती. केनियाच्या निमओसाड कुरणांत थॉमस डन व त्याच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या बुंध्याशी उरलेल्या मातीच्या उंचवट्यांवरून असाच मागचा हिशेब मांडला. तेथेही बर्फ नाही. तेथे गुरांवर आरोप आला तो तपासानंतर. आपल्याकडे शेळीवरचा आरोप तपासाआधीच शाबीत धरला जातो, आणि त्या आरोपावरून चराईबंदी होते, दंड होतो, माणसांची चूल बंद पडते. धनगराच्या बाजूने बोलणारा एकही कागद आपल्या दप्तरात नाही, हे आपणही नाकारणार नाही.

पाटोद्याकडच्या एका ओघळीवर मी जे पाहिले ते सांगतो. वर मुरमाड माळ, खाली हातभर जाडीचा तांबूस-काळा थर, त्याखाली चुनखडीच्या खड्यांनी भरलेली पांढरट माती, आणि तळाशी काळ्या पाषाणाचा सपाट थर, ज्यावर पाणी घसरत जाते. कडुनिंबाचे मनगटाएवढे मूळ एका काठातून निघून अधांतरी ओघळ ओलांडून दुसऱ्या काठात शिरले होते. त्याची वरची बाजू खरबरीत, खुरांनी आणि गोट्यांनी ठेचलेली, जखमांभोवती गाठी आलेली. खालची बाजू बोटाने चाचपली तर अद्याप मऊ साल. त्या मुळाने ओघळ ओलांडलेली नाही. ते जमिनीतून सरळ गेले होते, आणि जमीन त्याच्याखालून निघून गेली. म्हणजे ते मूळ जेव्हा त्या वाटेने वाढले तेव्हा तेथे ओघळ नव्हती. ही एवढी गोष्ट सांगण्यासाठी पेशी मोजाव्या लागत नाहीत. आणि त्यावरच्या सर्वांत जुन्या जखमेला जर साल लावता आले, तर त्या सालापूर्वी ओघळ तेथे पोचलेली होती एवढे निश्चित होते.

शंकाकार : ‘पूर्वी’ हा शब्द आपण अचूक वापरलात, कारण माझा पुढचा मुद्दा त्याच्यावरच आहे. मूळ सांगते ते ओघळ त्याच्यापाशी पोचली केव्हा. ती फुटली केव्हा, हे नव्हे. ओघळ खालून वर सरकत येते. ओढ्याशी तिची सुरुवात होऊन मुळापर्यंत येण्यास तिला पाच वर्षे लागली असतील किंवा पन्नास. तेव्हा मोरीचे उदाहरण घ्या. मूळ जर मोरीच्या आधी उघडे पडलेले निघाले, तर ओघळ मोरीने पाडली नाही हे सिद्ध होईल. पण मूळ मोरीनंतर उघडे पडलेले निघाले, तर काय सिद्ध होईल? काहीच नाही. ओघळ आधीच निघालेली असेल आणि मुळाशी नंतर पोचली असेल. म्हणजे आपला साक्षीदार आरोपीला निर्दोष सोडवू शकतो, दोषी ठरवू शकत नाही. हे आपण धनगरालाही सांगितले पाहिजे आणि रस्ता बांधणाऱ्यालाही.

आणि खरा वाद तर मोरीचाही नाही, तो अगदी अलीकडचा आहे. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार जाहीर झाले आणि त्यानंतर गावोगाव यंत्रे लावून नाल्यांचे खोलीकरण झाले. पाणी साठले, विहिरींना फायदा झाला, हे मी मानतो. परंतु मुख्य नाल्याचा तळ दोन पुरुष खाली गेला म्हणजे त्याला येऊन मिळणाऱ्या प्रत्येक बाजूच्या ओघळीला तेवढीच उडी अधिक मारावी लागते; तिचे तोंड कोसळू लागते आणि ती कोसळ वर वर सरकत शेतात येते. अशा तक्रारी मी ऐकल्या आहेत. खोलीकरण करणारे म्हणतात, ओघळी आधीपासूनच होत्या. हा नेमका आपला प्रश्न आहे, आधी की नंतर. आता आपली पद्धत येथे लावा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात अशी गारपीट झाली की झाडांना पाने उरली नाहीत. ती पुन्हा फुटली, म्हणजे एक खोटे कडे. त्याच साली पाऊस हुकला, पुढच्या साली, २०१५ त, पुन्हा हुकला. म्हणजे एक किंवा दोन कडी गहाळ, किंवा इतकी बारीक की एकमेकांत मिसळलेली. त्यात पाल्यासाठी झालेली तोड. ज्या दोन-तीन वर्षांत निकाल आहे त्याच दोन-तीन वर्षांत आपली मोजणी सर्वांत अधिक घसरते. आणि अण्वस्त्रांचा कार्बन येथे कामास येणार नाही, कारण त्याचे प्रमाण उतरत उतरत आता स्फोटांपूर्वीच्या पातळीवर येऊन ठेपले आहे. अलीकडच्या सालांत एक साल दुसऱ्यापासून निवडून काढण्याइतका उतार त्यात राहिलेला नाही. जुन्या ओघळींना आपण साल लावू शकाल, ज्यांच्याविषयी आता कोणी भांडत नाही. ज्यांच्याविषयी भांडण आहे त्यांच्यापाशी आपण निरुत्तर.

प्रतिपादक : निरुत्तर नाही, परंतु एका मुळावर विसंबून राहिलो तर निरुत्तर होईन, हे खरे. एकाच ओघळीच्या काठी तोंडापासून माथ्यापर्यंत पंधरा-वीस मुळे असतात. तोंडाजवळची आधी उघडी पडली, माथ्याजवळची नंतर. प्रत्येकाच्या मोजणीत दोन वर्षांची चूक असली तरी क्रम टिकून राहतो. खोलीकरणाने कोसळ सुरू झाली असेल तर तोंडाकडच्या मुळांवर नव्या जखमा एकाच काळात गोळा झालेल्या दिसतील, आणि माथ्याकडची मुळे जुन्या संथ गतीने उघडी पडत आलेली दिसतील. ओघळ आधीचीच असेल तर तो गोळा दिसणार नाही. अलीकडच्या सालांसाठी उपग्रहांची चित्रे आहेतच, ती मुळांना पूरक होतील. आणि मुळे त्यांना पूरक होतील ती जेथे झाडोऱ्याखाली ओघळ लपते आणि वरून दिसत नाही तेथे. मोरी, बांध, रस्ते, १९७२ च्या दुष्काळी कामांतून निघालेल्या खाणी आणि तलाव, यांच्याविषयीचा वाद संपला आहे असे आपण म्हणालात, ते मात्र मला मान्य नाही. शेळीवरचा आरोप त्याच काळातला आहे आणि तो अद्याप चालू आहे. निर्दोष सोडवणारा साक्षीदार आपल्याला अपुरा वाटतो. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ठपका आहे त्याला तो अपुरा वाटणार नाही.

शंकाकार : येथे मी थोडा हटतो. पण हेही लक्षात घ्या, की आपण कापणार ती मुळे काठ धरून उभी आहेत. माथ्यावरच्या एकाच कडुनिंबाची चार मुळे नमुन्यासाठी नेलीत आणि पुढच्या पावसाळ्यात ते झाड कलंडले, तर ज्या माणसाच्या शेताकडे ती ओघळ निघाली आहे त्याला आपण काय सांगणार? शास्त्रासाठी झाड गेले हे उत्तर बीड जिल्ह्यात, जेथे माळावरचे एकेक झाड दुष्काळातून वाचवून ठेवलेले असते, मला द्यावयास जमणार नाही.

प्रतिपादक : अधांतरी लोंबणारी आणि सुकू लागलेली मुळेच घ्यावीत, माती धरून असलेली घेऊ नयेत, हा नियम मला मान्य आहे. जिवंत मुळाची चकती न कापता पाचर काढता येते. तिने पद्धत थोडी लंगडी होईल, कारण अर्धवट कडी ओळखण्यास पूर्ण फेरा दिसावा लागतो. ती किंमत मी देईन. आणि ज्याचे झाड त्याची परवानगी, तसेच गायरानातले असेल तर ग्रामसभेची, हे आधी.

शंकाकार : मग एक कसोटी ठेवू. रस्त्याखालच्या एका जुन्या मोरीचे बांधकाम कोणत्या साली झाले याचा कागद मी पाहिलेला आहे. तिच्या तोंडातून निघालेली ओघळ पुढे शेतात उतरते, आणि ही ओघळ मोरीनेच पाडली याविषयी गावात दुमत नाही, कारण त्याआधी तेथे बैलगाडीची सपाट वाट होती. तेथील मुळे आपण तपासा.

प्रतिपादक : तपासतो; मात्र मोरीचे साल मला सांगू नका, आणि मुळांवर काम करणाऱ्या कोणालाही ते कळू देऊ नका. मी माझी साले लिहून आपल्याकडे देईन, आणि मगच कागद उघडू.

शंकाकार : साले देण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी लिहून द्या. किती वर्षांपर्यंतची चूक आपण चूक मानणार नाही, हे आधी ठरवा. निकालानंतर ती मर्यादा सैल करता येणार नाही. आणि अस्पष्ट म्हणून जी मुळे आपण बाजूला टाकाल त्यांची संख्याही नोंदवा. पंधरांतली चार जुळली आणि अकरा वाचता आली नाहीत, तर मी त्याला यश म्हणणार नाही.

प्रतिपादक : म्हणू नका. मर्यादा तीन वर्षांची ठेवतो.

शंकाकार : आणि भेगांचे काय? ती ओघळ वर मुरमात आहे, खाली काळीत. काळीतले मूळ भेगेमुळे आधीच पालटलेले असेल, तर ते मोरीपूर्वीचे साल देईल, आणि आपला साक्षीदार मोरीला खोटेच निर्दोष सोडील. मघाशी मी म्हणालो होतो की तो फक्त सोडवण्याच्या कामाचा आहे. आता मला दिसते की काळ्या जमिनीत त्याच्या त्याही शब्दावर विसंबणे कठीण आहे.

प्रतिपादक : म्हणूनच ती ओघळ मला पसंत आहे. मुरमातली आणि काळीतली मुळे वेगवेगळी ठेवू. मुरूम फाटत नाही. तेथील साल मोरीशी जुळले आणि काळीतले त्याच्या बरेच मागे गेले, तर भेगांचा परिणाम किती वर्षांचा आहे याचे पहिले माप आपल्याला मिळेल.

शंकाकार : आणि दोन्हीही मोरीच्या मागे गेली तर? मग भेग खोटी, की मुरमातले मूळ खोटे, की गावाची ती बैलगाडीची वाट खोटी?

प्रतिपादक : ते त्या एका ओघळीवरून ठरवता येणार नाही. दुसरी मोरी शोधावी लागेल, जिच्या साऱ्या वाटेवर काळी जमीन नाही. आपल्या दप्तरात अशी एखादी आहे का, ते पाहावे.

शंकाकार : डोंगरकिन्हीच्या बाजूला एक असावी. मात्र तेथे कडुनिंब नाही, सगळा हिवर आहे, आणि हिवराची कडी अद्याप कोणी पारखलेली नाहीत.